ओतोतो नो ओत्तो

'ओतोतो नो ओत्तो' ही जपानी चित्रकथाकार गेंगोरो तागामे यांनी लिहिलेली आणि चितारलेली मांगा मालिका आहे. फुताबाशा या प्रकाशनसंस्थेच्या 'गेक्कान अ‍ॅक्शन' या मासिकात ती २०१४ ते २०१७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे चार खंडांत संकलित झाली. इंग्रजी भाषांतरात ती 'माय ब्रदर्स हजबंड' या नावाने ओळखली जाते. एकट्याने मुलगी वाढवणारा याइची, त्याची प्राथमिक शाळेतील मुलगी काना आणि त्याच्या दिवंगत जुळ्या भावाचा कॅनेडियन नवरा माइक यांच्या सहवासाची ही कथा आहे.

समलिंगी विवाह हा विषय मध्यवर्ती असूनही ही मालिका रूढ अर्थाने 'बॉइज लव्ह' प्रकारात मोडत नाही. लेखकाची आधीची ओळख समलिंगी पुरुषांसाठीच्या प्रौढ कामुक चित्रकथांमुळे असली तरी ती त्या प्रकारातीलही नाही. त्यामुळे तिच्या वर्गीकरणाचा प्रश्न तिच्या वाचनाशी जोडला गेला आहे. कथेतील कातो आणि काझुया ही दोन दुय्यम पात्रे याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणतात.

नाव

जपानी भाषेत 'ओतोतो' म्हणजे धाकटा भाऊ आणि 'ओत्तो' म्हणजे पती. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'धाकट्या भावाचा नवरा' असा होतो. याइची आणि ऱ्योजी जुळे असले तरी जपानी भाषेत जुळ्यांमध्येही थोरला-धाकटा असा भेद केला जातो, म्हणून ऱ्योजी 'ओतोतो' ठरतो.

जपानीत मेहुणा किंवा दीर अशा सासरच्या भावासाठी 'गितेई' हा शब्द आहे. शीर्षकात तो न वापरता दोन साधी नाती जोडून ठेवली आहेत आणि त्यातच कथेचा पेच आहे. या नात्याला समाजात तयार नाव नाही, ते प्रत्येक वेळी फोड करून सांगावे लागते. मराठीतही अशीच स्थिती आहे. भावाच्या बायकोला वहिनी किंवा भावजय, बहिणीच्या नवऱ्याला दाजी, भावोजी किंवा मेहुणा हे शब्द आहेत, पण भावाच्या नवऱ्यासाठी स्वतंत्र शब्द नाही.

पार्श्वभूमी

गेंगोरो तागामे यांचा जन्म १९६४ साली कामाकुरा येथे झाला. तामा कला विद्यापीठात त्यांनी आरेखनाचे शिक्षण घेतले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ते समलिंगी पुरुषांच्या मासिकांत चित्रकथा लिहू लागले आणि १९९५ साली सुरू झालेल्या 'जी-मेन' या मासिकाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. भरदार, केसाळ, दाढीधारी पुरुषदेह आणि हिंसक कामुकता यांसाठी त्यांचे काम ओळखले जाई. जपानमधील समलिंगी कामुक चित्रकलेच्या इतिहासाचे संकलन हेही त्यांचे मोठे काम मानले जाते.

'ओतोतो नो ओत्तो' ही त्यांची सर्व वयोगटांसाठीची पहिली मालिका होय. समलिंगी वाचक आधीच हाताशी होता. या वेळी ज्याला या विषयाशी देणेघेणे नाही असा सर्वसाधारण, भिन्नलिंगी वाचक समोर धरून त्यांनी लेखन केले. म्हणूनच कथा माइकच्या नव्हे, तर याइचीच्या नजरेतून सांगितली आहे. रेखाटनाची शैली मात्र फारशी बदललेली नाही. माइक आणि याइची दोघेही तागामे यांच्या नेहमीच्या बांध्याचे आहेत आणि स्नानगृहातील प्रसंगांत हा जुना हात स्पष्ट दिसतो.

कथानक

याइची ओरिगुची हा घटस्फोटित असून आईवडिलांकडून आलेल्या भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहतो आणि घरीच राहून मुलीला वाढवतो. आईवडील अपघातात गेले तेव्हा याइची आणि ऱ्योजी किशोरवयात होते. पुढे ऱ्योजीने आपण समलिंगी असल्याचे भावाला सांगितले. याइचीने त्याला विरोध केला नाही, पण त्यावर काही बोललाही नाही. दोघांमधले अंतर तिथून वाढत गेले. ऱ्योजी कॅनडाला गेला, तिथे त्याने माइक फ्लॅनगनशी लग्न केले आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला.

मालिकेच्या आरंभी माइक याइचीच्या दारात उभा राहतो. पतीचे बालपण जिथे गेले ते गाव पाहावे, ही त्याची इच्छा आहे. भेटताच तो याइचीला मिठी मारतो आणि याइचीच्या मनात शिवी उमटते. तोंडाने मात्र तो सभ्यपणे स्वागत करतो. मनातले आणि तोंडावरचे यांतील ही फट तागामे यांनी चौकटींच्या मांडणीतूनच दाखवली आहे. याइची बोलला असता ते एका चौकटीत येते आणि तो प्रत्यक्षात बोलतो ते पुढच्या चौकटीत. मालिका जसजशी पुढे सरकते तशा या चौकटी विरळ होत जातात.

काना हिला मात्र परदेशी काका मिळाल्याचा निखळ आनंद होतो आणि तिच्याच हट्टामुळे माइक घरी मुक्कामाला राहतो. पुरुषांचे लग्न होते का, झाले तर दोघांपैकी बायको कोण, असे प्रश्न ती सरळ विचारते. बायको कोणीच नाही, दोघेही एकमेकांचे नवरे, या उत्तरावर तिचे लगेच समाधान होते. याइचीचे होत नाही, आणि हाच प्रश्न आपल्याही मनात होता हे त्याला कळून चुकते.

मोठ्या घडामोडी मालिकेत नाहीत. बाजारहाट, जेवण, व्यायाम, काना हिच्या मैत्रिणींचे येणे-जाणे, याइचीची पूर्वपत्नी नात्सुकी हिच्यासह उष्ण झऱ्याच्या गावी केलेली सहल, अशा प्रसंगांतून ती उलगडते. एका रात्री दारूच्या अमलाखाली माइक याइचीलाच ऱ्योजी समजून रडतो. मेलेल्या माणसाचा चेहरा घेऊन याइची त्याच्यासमोर रोज वावरत होता, हे त्याच्या तोवर ध्यानात आलेले नसते. अखेरीस माइक कॅनडाला परततो.

वर्गीकरण

जपानमध्ये मांगाचा प्राथमिक वर्ग तिच्या आशयावरून ठरत नाही. ती ज्या मासिकात प्रसिद्ध होते त्यावरून ठरतो. शोनेन, शोजो, सेइनेन आणि जोसेइ हे चार प्रमुख वर्ग अनुक्रमे मुलगे, मुली, प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्रिया या वाचकगटांचे निदर्शक आहेत. ते साहित्यप्रकार नव्हेत. 'गेक्कान अ‍ॅक्शन' हे सेइनेन मासिक होते, म्हणून 'ओतोतो नो ओत्तो' सेइनेन ठरते, इतकाच या शब्दाचा अर्थ आहे. हा वर्ग किती सैल आहे याचे उत्तम उदाहरण याच मासिकात सापडते. इचिगो ताकानो यांची 'ऑरेंज' ही मालिका २०१२ साली 'बेस्सात्सु मार्गारेट' या शोजो मासिकात सुरू झाली आणि नंतर 'गेक्कान अ‍ॅक्शन'मध्ये आली. कथा, पात्रे आणि लेखिका तीच राहिली, केवळ मासिक बदलल्याने ती सेइनेन गणली जाऊ लागली.

फुताबाशाच्या 'अ‍ॅक्शन' या नावाखालील नियतकालिकांना घर आणि मूल यांच्या कथांचीही जुनी परंपरा आहे. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची 'कोझुरे ओकामी' ही तान्ह्या मुलाला गाडीत घेऊन हिंडणाऱ्या सामुराईची कथा १९७० साली साप्ताहिक 'मांगा अ‍ॅक्शन'मध्ये सुरू झाली. त्याच साप्ताहिकात १९९० साली योशितो उसुई यांची 'क्रेयॉन शिन-चान' आली. दूरचित्रवाणीवरील हिंदी आवृत्तीमुळे महाराष्ट्रातील मुलांनाही परिचित असलेली ही मालिका मुळात प्रौढ पुरुषांच्या साप्ताहिकातील होती, हे अनेकांना ठाऊक नसते. याइची आणि काना यांचे घर या रांगेत बसवून पाहिले तर सेइनेन या शिक्क्यात विसंगत असे काही उरत नाही.

खरा गोंधळ आशयाच्या टॅगमुळे होतो. पुरुषांमधील प्रेमाच्या मांगाचे जपानमध्ये दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया आदी लेखिकांनी मुलींच्या मासिकांतून रुजवला. 'शोनेन-आइ', 'याओई' आणि १९९० च्या दशकापासून 'बॉइज लव्ह' अशी त्याची नावे बदलत गेली. त्याच्या लेखिका आणि वाचक बहुतांशी स्त्रिया आहेत आणि नायकांमधील प्रणय हा त्याचा गाभा आहे. दुसरा प्रवाह समलिंगी पुरुषांनी समलिंगी पुरुषांसाठी लिहिलेल्या चित्रकथांचा. १९७१ साली निघालेल्या 'बाराझोकु' या मासिकापासून त्याला व्यापारी आधार मिळाला. जपानबाहेर या प्रवाहाला 'बारा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तागामे स्वतः मात्र 'गे मांगा' हा साधा शब्द पसंत करतात.

'ओतोतो नो ओत्तो' या दोन्ही प्रवाहांबाहेर उभी आहे. तिच्यात प्रणयकथा नाही, कारण प्रणयातील एक जण कथा सुरू होण्यापूर्वीच मरण पावला आहे. माइक आणि याइची यांच्यात आकर्षण निर्माण होत नाही आणि व्हावे अशी रचनाही नाही. जपानीत ज्याला 'होम ड्रामा' म्हणतात, म्हणजे बैठकीची खोली, जेवणाचे टेबल आणि शेजार यांत घडणारी कौटुंबिक कथा, ती जात या मालिकेला सर्वांत जवळची आहे. माचिको हासेगावा यांच्या १९४६ साली सुरू झालेल्या 'साझाए-सान'पासून हा प्रकार जपानी वाचकांच्या अंगवळणी पडलेला आहे. तागामे यांनी त्याचे नियम मोडले नाहीत. त्या घरात एक पाहुणा आणून बसवला.

आंतरजालावरील मांगासूच्यांत, विशेषतः जपानबाहेरच्या, एकाच कृतीला अनेक टॅग लावले जातात. काही ठिकाणी ते संपादक ठरवतात. अ‍ॅनिलिस्टसारख्या संकेतस्थळांवर सदस्यांच्या मतांनी प्रत्येक टॅगची टक्केवारी ठरते. दोन पुरुषांचे लग्न आहे म्हणजे 'बॉइज लव्ह', असा सरसकट शिक्का अशा व्यवस्थेत सहज बसतो. त्याचा तोटा दोन्ही बाजूंना होतो. प्रणय शोधत आलेल्या वाचकाच्या हाती शोककथा पडते. जो टॅग गाळून यादी चाळतो, त्याला ही कौटुंबिक मालिका दिसतच नाही. आणि ती ज्याच्यासाठी लिहिली गेली तो नेमका हाच वाचक आहे. समलिंगी, पारलिंगी आदी व्यक्तींच्या जीवनाशी संबंधित विषय दर्शवणारा 'एलजीबीटी' हा टॅग यापेक्षा अचूक आहे, कारण तो आशय सांगतो, प्रकार ठरवत नाही.

इंग्रजी आवृत्तीने हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला. पँथेऑन या प्रकाशनसंस्थेने ती जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत काढली. 'माउस' आणि 'पर्सेपोलिस' याच संस्थेची प्रकाशने आहेत. त्यामुळे अनेक पुस्तकविक्रेत्यांकडे ती मांगाच्या फळीवर न जाता साहित्यिक चित्रकादंबऱ्यांच्या फळीवर गेली.

याच संदर्भात फुमी योशिनागा यांच्या 'किनो नानी ताबेता?' या मालिकेचा उल्लेख होतो. २००७ पासून 'मॉर्निंग' या सेइनेन साप्ताहिकात चालू असलेली ही मालिका एका मध्यमवयीन समलिंगी जोडप्याच्या स्वयंपाकघराभोवती फिरते. योशिनागा यांची कारकीर्द 'बॉइज लव्ह'मधून घडली असूनही ती मालिका त्या प्रकारात धरली जात नाही. दोन लेखक दोन विरुद्ध प्रवाहांतून आले आणि दोघांनाही सर्वसाधारण वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी घर आणि जेवण हाच मार्ग सापडला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

दुय्यम पात्रे

कौटुंबिक मांगात समलिंगी किंवा लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेरची पात्रे नवीन नाहीत. परंतु ती प्रायः कडेला असत आणि त्यांचे काम ठरलेले असे. बायकी बोलणारा, रंगरंगोटी केलेला 'ओकामा' हे विनोदाचे हुकमी पात्र होते. 'क्रेयॉन शिन-चान'च्या चित्रपटांत अशी खलपात्रे वारंवार येतात. १९९६ सालच्या हेंडरलँडच्या कथेतील माकाओ आणि जोमा ही त्यांतील प्रसिद्ध जोडी. मुलींच्या मासिकांत चित्र वेगळे होते. नाओको ताकेउची यांच्या 'सेलर मून'मधील हारुका आणि मिचिरु किंवा क्लॅम्प या लेखिकासमूहाच्या 'कार्डकॅप्टर साकुरा'मधील नायिकेचा थोरला भाऊ तोया आणि त्याचा मित्र युकितो यांच्याकडे सन्मानाने पाहिले गेले. तरीही त्यांच्या नात्याला कथेत क्वचितच नाव दिले जाई. नाव नसल्याने ते पुसणेही सोपे होते. अमेरिकेतील इंग्रजी ध्वनिमुद्रणात हारुका आणि मिचिरु यांना चुलत बहिणी करण्यात आले.

या पार्श्वभूमीवर 'ओतोतो नो ओत्तो'मधील दुय्यम पात्रांचे वेगळेपण लक्षात येते. माइकच्या बाबतीत गुपित असे काही नाही. मुखपृष्ठावरचे शीर्षकच त्याची ओळख सांगून टाकते. कातो आणि काझुया यांचे तसे नाही.

कातो हा ऱ्योजीचा जुना मित्र. मित्राच्या पतीला भेटण्यासाठी तो येतो आणि आपणही समलिंगी असल्याचे त्याला सांगतो, पण ही गोष्ट ओळखीच्या वर्तुळात कळू नये याची पुरेपूर काळजी घेतो. ऱ्योजीने देश सोडला, कातोने मौन पत्करले. एकाच गावातून निघालेल्या दोन आयुष्यांचा हा फरक तागामे यांनी कोणतीही टिप्पणी न करता समोर ठेवला आहे. उघडपणे जगणाऱ्या माइकच्या शेजारी कातोला भित्रा ठरवणे सोपे होते. तसे केलेले नाही. माइकला त्याच्याविषयी दुःख वाटते, मात्र तो त्याला उपदेश करीत नाही. कातोला मालिकेत फार थोडी पाने मिळाली आहेत. ती वाचल्यावर याइचीच्या ओळखीत आणखी असे किती जण असतील, हा प्रश्न वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

काझुया हा काना हिच्या वर्गमित्राचा मोठा भाऊ असून तो माध्यमिक शाळेत शिकतो. माइक गावात आल्याचे कळल्यावर तो त्याला गाठतो आणि आपण समलिंगी असल्याचे सांगतो. आपल्यासारखा दुसरा माणूस त्याने तोवर प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. मालिकेतील सर्वांत हळवा भाग हाच असावा. जपानमधील समलिंगी किशोराचा एकाकीपणा येथे भाषणातून येत नाही. अनोळखी परदेशी माणसाला गाठण्यासाठी एका मुलाने गोळा केलेल्या धैर्यातून तो कळतो. त्याच्या घरात पुढे काय झाले, हे कथा रंगवत नाही.

या दोघांमुळे टॅगच्या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. 'समलिंगी पात्रे' असा टॅग संपूर्ण कृतीला लागतो, पण एखादे दुय्यम पात्र कृतीच्या काही प्रकरणांतच असते. जिथे नायकाचा विषय वेगळा आहे आणि केवळ त्याचा मित्र किंवा शेजारी समलिंगी आहे, अशा कौटुंबिक मालिकेला तो लावावा काय, याविषयी सूचीकारांत एकवाक्यता नाही. लावला तर अपेक्षा वाढते, न लावला तर शोधणाऱ्याला सापडत नाही. शिवाय ज्या पात्राची ओळख कथेच्या ओघात उघड व्हायची असते, त्याचे गुपित टॅग आधीच फोडतो. काझुयाने माइकला जे सांगण्यासाठी इतका धीर एकवटला, ते पात्रसूचीतील एका शब्दाने वाचकाला अगोदरच कळते. हा लेखही त्या दोषापासून मुक्त नाही. रहस्यकथेत अशा फोडीने फक्त रंगत जाते; येथे ज्याचे त्याने, हव्या त्या वेळी सांगावे, हा कथेचाच आग्रह मोडला जातो.

समलिंगी नसलेली दुय्यम पात्रेही या संदर्भात महत्त्वाची आहेत. काना हिची मैत्रीण युकी हिच्या आईला माइकच्या सहवासाचा मुलांवर वाईट परिणाम होईल असे वाटते आणि ती मुलीला त्या घरी जाण्यास मनाई करते. ही बाई कथेत जवळजवळ दिसत नाही. तिचे मत मुलीच्या तोंडून पोहोचते, तेही काहीच न समजलेल्या स्वरात. शाळेतील शिक्षक योकोयामा हे याइचीला बोलावून घेतात. काना वर्गात काकाविषयी मोकळेपणाने बोलते, त्यामुळे तिला मुले त्रास देतील, अशी त्यांची चिंता. ते दुष्ट नाहीत, सौम्य शब्दांत बोलतात, आणि म्हणूनच हा प्रसंग बोचतो. याइचीचे उत्तर असे, की मुले त्रास देत असतील तर शाळेने त्रास देणाऱ्यांकडे पाहावे. आरंभी परिचिताला माइकची ओळख 'भावाचा मित्र' म्हणून करून देणारा आणि नंतर त्याबद्दल मनात कुढणारा याइची येथवर आलेला असतो. नाते त्याच्या योग्य नावाने उच्चारणे, हाच मालिकेतील त्याचा प्रवास आहे.

नात्सुकी हिचे पात्रही उल्लेखनीय आहे. घटस्फोटानंतर मुलगी वडिलांकडे आणि आई नोकरीनिमित्त बाहेर, ही रचना जपानी कौटुंबिक कथेत सरसकट आढळणारी नाही. माइकला कुटुंबात जागा द्यावी की नाही, याचा विचार करणाऱ्या याइचीचे स्वतःचे घरही साच्यात बसणारे नाही, याची जाणीव त्याला तिच्या येण्याने होते.

मूळ आवृत्तीत प्रकरणांच्या मध्ये माइकच्या तोंडून समलिंगी संस्कृतीचे छोटे पाठ दिलेले आहेत. समलिंगी विवाह, गुलाबी त्रिकोण, इंद्रधनुषी ध्वज अशा विषयांची माहिती त्यांत येते. मासिकाच्या वाचकाला हे विषय अपरिचित असतील, असे गृहीत धरून हा भाग योजलेला आहे.

कायदेशीर संदर्भ

कॅनडात २००५ पासून देशभर समलिंगी विवाह कायदेशीर आहेत. जपानमध्ये विवाह, जन्म, मृत्यू यांची नोंद 'कोसेकी' या कुटुंबनोंदवहीत होते आणि तिच्यात समलिंगी विवाह नोंदवता येत नाही. परिणामी ऱ्योजीच्या देशात माइक त्याचा कोणीच लागत नाही. कथेत हा मुद्दा वादविवाद म्हणून न येता घरातील अवघडलेपण म्हणून येतो.

मालिका चालू असतानाच, २०१५ साली, तोक्यो महानगरातील शिबुया आणि सेतागाया या विभागांनी समलिंगी जोडप्यांना भागीदारीची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. या प्रमाणपत्रांना विवाहाचे कायदेशीर परिणाम नाहीत. १७ मार्च २०२१ रोजी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नसणे हे समतेच्या तत्त्वाविरुद्ध व घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला आणि १४ मार्च २०२४ रोजी साप्पोरो उच्च न्यायालयानेही मान्यता नाकारणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली.

अनुवाद, रूपांतर आणि पुरस्कार

इंग्रजी भाषांतर ॲन इशी यांनी केले असून ते २०१७ आणि २०१८ साली दोन खंडांत निघाले. प्रत्येक खंडात मूळचे दोन खंड एकत्र केले आहेत. फ्रेंच आवृत्ती आकाता या संस्थेने प्रसिद्ध केली.

मार्च २०१८ मध्ये एनएचकेच्या 'बीएस प्रीमियम' वाहिनीवर मालिकेचे तीन भागांचे दूरचित्रवाणी रूपांतर दाखवण्यात आले. याइची आणि ऱ्योजी या जुळ्या भावांचे काम र्‍युता सातो यांनी, तर माइकचे काम मूळचे एस्टोनियाचे असलेले माजी सुमो ओझेकी बारुतो यांनी केले. तागामे यांनी रेखाटलेला देह पडद्यावर आणण्यासाठी अभिनेत्याऐवजी मल्ल निवडावा लागला, ही निवड त्या वेळी कौतुकाचा विषय ठरली.

मालिकेला २०१५ च्या जपान मीडिया आर्ट्स महोत्सवात मांगा विभागाचा उत्कृष्टता पुरस्कार मिळाला. २०१८ साली जपान व्यंगचित्रकार संघाचा उत्कृष्टता पुरस्कार आणि अमेरिकेतील आयझनर पुरस्कारांत आशियाई कृतीच्या सर्वोत्तम अमेरिकन आवृत्तीचा पुरस्कारही तिला लाभला.

टीका

मालिकेवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप माइकच्या निर्दोषपणाविषयी आहे. तो नम्र, प्रेमळ, मुलांना आवडणारा, कधीही न चिडणारा आहे. समलिंगी माणसाला घरात प्रवेश मिळण्यासाठी इतके आदर्श असावे लागते काय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. कॅनडा पुढारलेला आणि जपान मागासलेला, अशी सरळ विभागणी होते, हाही एक आक्षेप आहे. प्रकरणांमधील पाठ आणि याइचीची स्वगते काही ठिकाणी उपदेशपर वाटतात, हे मालिकेचे चाहतेही मान्य करतात.

या आक्षेपांना उत्तर शोधायचे तर ते माइकमध्ये नव्हे, कातोमध्ये सापडते. तो आदर्श नाही, परदेशी नाही आणि त्याला कोणी स्वीकारावे यासाठी तो काही करीतही नाही. तरीही मालिका त्याला कमी लेखत नाही.

तागामे यांची पुढील मालिका 'बोकुरा नो शिकिसाई' ही 'गेक्कान अ‍ॅक्शन'मध्येच २०१८ ते २०२० या काळात प्रसिद्ध झाली. तीन खंडांच्या या मालिकेचा नायक सोरा हा समलिंगी असून ते कोणालाही न सांगता जगणारा शाळकरी मुलगा आहे आणि एका वयस्क समलिंगी पुरुषाशी त्याची ओळख होते. काझुयाला मिळालेली मोजकी पाने येथे संपूर्ण कथेचा विषय झाली आहेत.